भातुकलीतला पलंग

तुम्ही खोटं लिहिलंत.

निकालाच्या दुसऱ्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत. ‘सदर नकाशात कोणतीही चूक आढळून आली नाही.’ खाली तुमच्या तिघांच्या सह्या आणि वास्तुविशारद परिषदेचा गोल शिक्का. चूक होती. किती इंचांची होती तेही तुम्हाला सुनावणीच्या दिवशी सांगितलं होतं. सांगणारी मीच होते, कारण ती चूक मीच केली होती, याच उजव्या हातानं, साहेबांच्या सांगण्यावरून. त्यावर तुम्ही पुढच्या ओळीत लिहिलंत की सदर महिला पदवीधर नसल्याने तिचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. स्वतःची लबाडी कबूल करायलाही पदवी लागते हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा आता लेखी घ्या. तोंडी सांगत होते तेव्हा तुमच्यातले एकजण मोबाइल बघत होते आणि दुसरे सारखे घड्याळ बघत होते.

मी घरांचे नकाशे काढते. म्हणजे काढत होते, गेल्या महिन्यापर्यंत. एकोणीस वर्षं एकाच वास्तुविशारदाच्या, म्हणजे साहेबांच्या, कार्यालयात, खिडकीजवळच्या टेबलावर. आले तेव्हा ट्रेसिंग कागदावर शाईनं काम चालायचं आणि चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडायला लागायची. मला कुणी शिकवलं नाही. दुसऱ्यांनी काढलेले नकाशे गिरवत गिरवत मी शिकले. पुढे संगणक आला, तोही तसाच शिकले. साहेबांनी आजवर किती घरं काढली असं लोक कौतुकानं विचारतात. साहेब घरं बोलतात. काढत मी होते.

आमच्या संगणकात एक फोल्डर आहे. त्याचं नाव कार्यालयात कुणीतरी गमतीनं ‘भातुकली’ ठेवलं ते चिकटलं. त्यात पलंग आहेत, सोफे आहेत, जेवणाची टेबलं आहेत, कपाटं, शेगड्या, सगळा संसार आहे. नकाशात खोली काढून झाली की त्यातलं एकेक उचलून आत मांडायचं. सगळं चौदा आण्यांचं. म्हणजे खऱ्या वस्तूचे सोळा भाग केले तर त्यातले चौदाच. साडेसहा फुटांचा पलंग भातुकलीत पाच फूट आठ इंचांचा. डोळ्याला कळत नाही. पलंग पलंगासारखाच दिसतो, दोन उशा, पायथ्याशी दुमडलेलं पांघरूण. फक्त खोली कशी ऐसपैस वाटते. गिऱ्हाईक नकाशावर वाकतं आणि म्हणतं, वा, एवढं सगळं मावून वर जागा उरते. आणि सही करतं.

खोलीचं माप मात्र अगदी बरोबर लिहिलेलं असतं. तिथे आम्ही एका इंचाचीही लबाडी करत नाही. पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत एक ओळ असते, ‘फर्निचर केवळ कल्पनेसाठी’. बांधकामावर जातो तो नकाशा वेगळा, त्यात फर्निचर नसतंच. त्यामुळे गवंड्याला काही कळत नाही. घरात राहायला गेल्यावर पलंग बसला नाही की लोक सुताराला शिव्या घालतात. सुतार म्हणतो, तुम्हीच मोठा सांगितला. एकोणीस वर्षांत एक माणूस नकाशा घेऊन परत आला नाही. आमचे शिपाईमामा साडेपाच फुटांचे होते. ते म्हणायचे, तुमच्या नकाशात राहायला गेलो तर मला वाकून चालावं लागेल. आम्ही हसायचो. मीही हसायचे.

मग इस्त्रीवाल्या बाई आल्या.

आमच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं इस्त्रीचं दुकान. पन्नाशीच्या, हात दंडापर्यंत दणकट, बोलणं त्याहून. बरोबर चाकांच्या खुर्चीत त्यांचा थोरला भाऊ. तो पूर्वी रंगारी होता, इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. सहा फूट दोन इंच उंची, म्हणून सगळा रस्ता त्याला टॉवर म्हणायचा. सहा वर्षांपूर्वी परांचीवरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. नाव मात्र राहिलं. पहिल्याच दिवशी त्यानं मला स्वतःची ओळख करून दिली ती अशी, की मी टॉवर, सध्या बसवलेला आहे.

बाईंनी एक अरुंद, लांबोडका प्लॉट घेतला होता. पुढे दुकान, मागे घर, सगळं तळमजल्यावर. साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, तुमचं स्वप्न काय आहे. बाई म्हणाल्या, स्वप्नबिप्न काही नाही साहेब, एकच गोष्ट आहे. दादानं सकाळी उठून माझ्याशिवाय मोरीत जाऊन यायला पाहिजे. पलंगावरून खुर्चीत तो स्वतः सरकतो, हातात ताकद आहे. पण भाड्याच्या घरात खुर्ची वळत नाही, म्हणून तिथून पुढे मी त्याला काखेत धरून नेते. सहा वर्षं झाली. माझी कंबर गेलीय, पण कमरेचं सोडा. पंचावन्न वर्षांच्या माणसाला रोज सकाळी बहिणीनं न्यायचं आणि दाराबाहेर उभं राहायचं. तो चेष्टा करतो म्हणून लोकांना वाटतं त्याला काही वाटत नाही.

टॉवर खिडकीबाहेर बघत होता. तेवढ्यापुरता त्यानं विनोद केला नाही.

बाई म्हणाल्या, एवढं जमवा. बाकीचं घर तुम्हाला हवं तसं काढा.

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

मी पहिला नकाशा काढला तो खऱ्या मापांनी. मोजपट्टी घेऊन त्यांच्या घरी गेले, पलंग मोजला, साडेसहा फूट बाय साडेतीन. टॉवरसाठी मुद्दाम करून घेतलेला. खुर्ची मोजली, पाय ठेवायच्या पट्टीसकट बेचाळीस इंच लांब, सव्वीस इंच रुंद. ती वळवायला पाच फुटांचा गोल लागतो. टॉवरनं अंगणात दोनदा वळून दाखवली आणि विचारलं, नापास तर नाही ना केलंत. दादाची खोली मी काढली नऊ फूट बाय साडेनऊ. मोरीचं दार पलंगाच्या पायथ्याशी, बाजूच्या भिंतीत. खुर्ची गर्रकन वळत होती. त्या नकाशाचा मला अभिमान वाटला होता, हे सांगून ठेवते.

साहेबांनी तो पाहिला आणि पेन्सिल घेऊन घराच्या मधोमध एक चौकोन काढला. इथे आभाळ पाहिजे, म्हणाले. उजेडाचा चौक. वरून उघडा, खाली पांढरे खडे, एक झाड. त्या वर्षी तुमच्याच परिषदेनं लहान घरांसाठी बक्षीस जाहीर केलं होतं. साहेबांनी ते मला सांगितलं नाही, पण पत्रक त्यांच्या टेबलावर काचेखाली होतं. चौकाला तीन फूट आणखी हवे होते. दुकानातून निघत नव्हते, स्वयंपाकघरातून निघत नव्हते. दादाच्या खोलीतून निघाले. नऊ बाय साडेसहा.

बाई काही अंगठेबहाद्दर नव्हत्या. आकडा बघताच म्हणाल्या, आधी साडेनऊ होते, आता साडेसहा कसे? साहेबांनी समजावलं की खोली लहान झाली तरी चौकामुळे मोठी भासेल. बाई म्हणाल्या, खुर्चीला भासून चालत नाही. त्यानंतर तीन बैठका झाल्या आणि तिन्ही बैठकांत हेच भांडण. साहेब उजेड म्हणायचे, बाई खुर्ची म्हणायच्या. साहेब म्हणायचे घराला आत्मा पाहिजे. बाई म्हणायच्या आधी मोरी पाहिजे. साहेबांचा आवाज चढत नाही, तो थंड होतो. तिसऱ्या बैठकीत त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “बाई, इस्त्री कशी करायची हे मी तुम्हाला शिकवतो का?”

“नाही. पण माझ्या हातून शर्ट जळला तर मी भरून देते. तुमच्या हातून भिंत चुकली तर काय देता?”

शिपाईमामा हातात ट्रे घेऊन दारातच थांबले. साहेब हसले, म्हणाले, दोन दिवसांनी या, सगळं बसवून दाखवतो.

त्या बाहेर पडल्यावर साहेब माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, भातुकलीतला पलंग घाल. मी म्हटलं, साहेब, त्यांचा खरा पलंग मोजून आणलाय. म्हणाले, म्हणूनच. मी म्हटलं, आणि खुर्ची? भातुकलीत चाकांची खुर्ची नाही. ते म्हणाले, “मग तिलाही चौदा आण्यांत बसव. तुला काय मी आज शिकवायचं?”

तुम्ही मला सुनावणीत विचारलंत की मी तेव्हाच हरकत का घेतली नाही. घेतली नाही. एकोणीस वर्षांची सवय होती. पाहिजे तर भ्याडपणा म्हणा. मी खुर्ची निवडली आणि ती लहान केली. बेचाळीस इंचांची सदतीस झाली. पडद्यावर ती पलंगाच्या कडेनं गेली, पायथ्याशी वळली, मोरीत शिरली. मी तिच्या मागे बारीक ठिपक्यांची वाटसुद्धा काढली, वळण कसं बसतं ते दिसावं म्हणून. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं.

दोन दिवसांनी दोघं आले. टॉवरनं नकाशा मांडीवर घेतला आणि त्या ठिपक्यांवरून नख फिरवलं. पलंगापासून मोरीपर्यंत, मग परत पलंगापर्यंत. तीन-चार वेळा. मग बहिणीकडे बघून म्हणाला, तिथे गेल्यावर तू सकाळी झोप काढ. बाईंनी डोळे पुसले नाहीत की काही नाही, त्या तसल्या बाई नाहीत. त्यांनी पेन मागितलं आणि सही केली. मुंगीच्या अक्षरांतल्या ओळीच्या बरोब्बर वर.

पाया खणायच्या आधी जमिनीवर चुन्यानं भिंती आखतात. त्या दिवशी बाई प्लॉटवर गेल्या त्या एक चादर घेऊन. दादाच्या पलंगाची चादर. ही बाई तीस वर्षं चादरी घड्या करतेय, तिला चादरीची घडी बघून पलंगाचं माप कळतं. कडा चारी बाजूंनी दुमडून तिनं ती पलंगाएवढी केली आणि चुन्याच्या रेघांच्या आत पसरली. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मग टॉवरला खुर्चीसकट आत ढकललं. खुर्ची चादरीच्या पायथ्याशी अडकली. पुढचं चाक चुन्यावर, मागचं चादरीवर.

चाकाचा डाग पडलेली ती चादर घेऊन त्या तडक कार्यालयात आल्या आणि साहेबांच्या टेबलावर टाकली. साहेबांनी ती दोन बोटांनी बाजूला सारली. म्हणाले, जमिनीवर आखलेली खोली नेहमी लहानच दिसते. भिंती चढल्या की मोठी वाटते.

हे खरं आहे. तुम्हालाही माहीत आहे, धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. चुन्याच्या रेघांतलं घर बघून मालक हादरतात आणि भिंती उभ्या राहिल्यावर निवांत होतात. साहेबांनी लबाडी झाकायला खरी गोष्ट वापरली, म्हणून ती पकडता आली नाही.

बाईंचा विश्वास बसला नाही. त्या माझ्याकडे वळल्या. “ताई, नकाशा तुम्ही काढलाय. तुम्ही आमच्याकडे येऊन पलंग मोजलात. तुम्ही सांगा, ही खोली लहान आहे की लहान दिसतेय?”

साहेब माझ्याकडे बघत नव्हते. ते पेन्सिलीला टोक करत होते. त्यांना खात्री होती.

मी म्हटलं, “जमिनीवर लहानच दिसते.”

एवढंच बोलले. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. बाईंनी चादर उचलली, चारपदरी घडी घातली, अगदी सरळ, आणि म्हणाल्या, बरं, तुम्ही म्हणताय तर. साहेबांसाठी नाही. ‘तुम्ही म्हणताय तर.’

भिंती चढल्या. छप्पर बसलं. चौकात पांढरे खडे आले, झाड आलं. छायाचित्रकार आला तेव्हा साहेबांनी टॉवरला पुढे दुकानात नेऊन बसवायला सांगितलं, चाकांची खुर्ची चित्रात बरी दिसत नाही म्हणून. चौकात वेताची रिकामी खुर्ची ठेवली. तुम्ही त्याच चित्राला बक्षीस दिलंत.

बाईंनी मला घर बघायला बोलावलं. साहेबांना नाही, मलाच. मी गेले. चौकात खरंच छान उजेड होता, ते नाकारत नाही. दादाच्या खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. पलंग होता, आणि पलंगाच्या सभोवती उरलेलं काहीतरी होतं, त्याला खोली म्हणायचं. भिंतींना गिलावा झाला की दोन्हीकडून मिळून दीड इंच जातो. पायथ्याशी राहिले होते दोन फूट साडेचार इंच. बेचाळीस इंचांची खुर्ची तिथे वळवायची होती. टॉवरनं मला करून दाखवलं. खुर्ची पलंगाच्या कडेनं सरळ गेली, पायथ्याशी आली, पाय ठेवायची पट्टी भिंतीला खटकन लागली. त्यानं मागे घेतली. पुन्हा पुढे. पुन्हा खटकन. नव्या कोऱ्या गिलाव्यावर तिथे एक खड्डा पडला होता. म्हणजे माझ्यासाठी पहिल्यांदा करून दाखवत नव्हता तो. रोज करून बघत होता.

म्हणाला, “ताई, ठिपके तर बरोबर होते. मीच कुठेतरी चुकतोय.”

ही चेष्टा नव्हती. हा माणूस प्रत्येक गोष्टीची चेष्टा करतो, पण हे त्यानं मनापासून म्हटलं. त्याला वाटत होतं, नकाशात जमतं, म्हणजे आपल्यालाच खुर्ची चालवता येत नाही. तीन आठवडे तो सराव करत होता.

मग मी सांगितलं. तिथेच, उंबऱ्यात उभं राहून, सगळं. भातुकली, चौदा आणे, पाच फूट आठ इंच, सदतीस इंच, ठिपके. टॉवर ऐकत राहिला. बाई मोरीच्या दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला विचारलं होतं.”

मी हो म्हटलं.

“समोर उभं राहून विचारलं होतं. चादर हातात होती माझ्या.”

मी पुन्हा हो म्हटलं. शेवटी टॉवरच म्हणाला, जाऊ दे गं, मला मेल्याला आधी पाच फूट आठ इंचांचा करायला हवा होता, मग घर बांधायचं. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, हे सगळं लिहून द्या. रडू नका, लिहून द्या.

मी लिहून दिलं. दोन्ही नकाशे दिले, साडेनऊचा आणि साडेसहाचा. भातुकलीच्या पलंगाचं माप छापून दिलं. ते सगळं घेऊन बाई तुमच्याकडे आल्या.

आता तुमच्याबद्दल.

तुमच्या कार्यालयाला सहा पायऱ्या आहेत. बाजूनं उतार नाही. घरं कशी असावीत हे ठरवणाऱ्यांच्या दाराला सहा पायऱ्या. टॉवरला वर आणायला चौघं लागले असते. तो म्हणाला, मी अजून लोकांच्या हातावरूनच आत जायचं तर तक्रार कशाची करायची? तो खाली मोटारींजवळ थांबला. तुमच्यातल्या कुणालाही खाली येऊन त्याला भेटावंसं वाटलं नाही. मी तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, त्याची आवश्यकता नाही, कागद पुरेसे आहेत.

आणि तुम्ही तिघं बसला होतात त्या खुर्च्यांच्या मागे, भिंतीवर, मोठ्या चौकटीत तो चौक होता. पांढरे खडे, झाड, वेताची खुर्ची. खाली साहेबांचं नाव आणि बक्षिसाचं वर्ष. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसला होतात. आम्ही मात्र दीड तास त्याच्याकडे बघत उभ्या होतो.

मोबाइल बघणाऱ्यांनी मान वर करून पहिला सल्ला दिला. पलंग फिरवून लावा, आडवा. मी सांगितलं, आडवी बाजू साडेसहा फूट, गिलाव्यानंतर सहा फूट साडेचार इंच, पलंग साडेसहा फुटांचा, बसत नाही. मग घड्याळवाले म्हणाले, पलंग लहान घ्या. बाई म्हणाल्या, भाऊ उंच आहे. ते म्हणाले, थोडी तडजोड करावी लागते, सगळेच करतात. मधल्या खुर्चीत जे बसले होते त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, खोलीचं माप नकाशात बरोबर लिहिलं होतं का? बाई म्हणाल्या, होतं. त्यांनी वही मिटली.

साहेब कोपऱ्यात बसले होते. त्यांना तुम्ही काहीच विचारलं नाहीत. चहा मात्र विचारलात.

बाहेर पडताना जिन्यात बाईंनी मला विचारलं, या तिघांच्या घरात कधी कुणी आजारी पडत नाही का? खाली टॉवरनं आमची तोंडं बघितली. वाटेत एवढंच म्हणाला, की तुमच्या त्या भातुकलीत माणसं पण आहेत का हो ताई? आहेत, मी म्हटलं. पाच फुटांची. म्हणाला, मग निकाल त्यांनी दिला असणार.

निकाल आठवड्यानं आला. साहेबांना क्लीन चिट. मला नोटीस, कार्यालयाचे कागद परस्पर गिऱ्हाइकाला दिले म्हणून. त्याच दिवशी साहेबांनी टेबल आवरायला सांगितलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकोणीस वर्षं मी लोकांचे पलंग कापत होते, माझं टेबल गेलं तर ठीकच आहे. नोटिशीचं उत्तर वेगळं पाठवलंय, एका ओळीत. दिले, आणि पुन्हा देईन.

हे पत्र त्यासाठी नाही. हे त्या भिंतीसाठी आहे.

दादाची खोली आणि चौक यांच्यामध्ये एक भिंत आहे. तिच्यावर छपराची कड टेकलीय, म्हणून ती उगाच पाडता येत नाही, नवा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. तो मी काढलाय. खऱ्या मापांनी. भिंत तीन फूट चौकात सरकते. चौक आठ फुटांचा आहे, पाच फूट उरतात, झाड राहतं, उजेडही राहतो. खुर्ची वळते. गवंडी तयार आहे. पण पालिका म्हणते, बदललेल्या नकाशावर मूळ नकाशा करणाऱ्याची सही आणा. बाई साहेबांकडे दोनदा गेल्या. साहेब म्हणाले, “परिषदेनं चूक नाही असं लिहून दिलंय. मग दुरुस्ती कशाची?” आणि बक्षीस मिळालेल्या चौकाला हात लावू देणार नाही, हेही म्हणाले. पालिकेतल्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, परिषदेनं चूक मान्य केली तर सहीशिवायही होतं.

म्हणजे ती भिंत विटांवर उभी नाही. तुमच्या तिसऱ्या ओळीवर उभी आहे.

तेव्हा तुम्ही एक करा. तिघांनीही. आज घरी गेल्यावर आपल्या पलंगावरची चादर काढा आणि टेप लावा. डोक्यापासून पायथ्यापर्यंत. मग पलंग आणि भिंत यांच्यामध्ये किती जागा आहे तीही मोजा, जिथून तुम्ही सकाळी अर्धवट झोपेत, कुणाला न उठवता, मोरीत जाता. दोन्ही आकडे कागदावर लिहा, खाली सही करा, तोच गोल शिक्का मारा आणि मला पाठवा. मी ते आकडे नकाशावर ठेवून बघेन. तुमच्यापैकी एकाचाही पलंग पाच फूट आठ इंच निघाला तर मी तुमची माफी मागेन आणि पुन्हा पेन्सिल हातात धरणार नाही.

आणि साडेसहा निघाला, सव्वासहा निघाला, सहा निघाला, तर ती ओळ खोडा. आम्ही ब्लेडनं खरवडायचो तशी खरवडा, डाग राहिला तरी चालेल.

टॉवर सकाळी साडेसहाला उठतो. आजही उठला. अजूनही आधी एकदा स्वतः प्रयत्न करतो, खड्डा आता विटेपर्यंत गेलाय. खटकन आवाज आला की बाई हातातलं काम टाकून येतात, कमरेचा पट्टा आवळतात, त्याला काखेत धरतात आणि मोरीच्या बाहेर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात. उद्याही उभ्या राहतील.

किती दिवस, ते लिहून कळवा. ती भिंत तुम्ही हलवू देणार आहात की नाही?